फोनवर धागा सुटतो तेव्हा

‘...मग आता तूच सांग, काय करू?’

आत्याचा फोन गावाहून आलेला असतो. बोलणं सातबाऱ्यावरच्या नावावरून निघालेलं असतं. मग फेरफारचा अर्ज, मग तलाठ्याच्या फेऱ्या, मग धाकट्या काकांची सही. पुण्यातला भाचा फोन कानाला लावून ‘हं’, ‘बरं’, ‘हो ना’ म्हणत असतो, पण डोळे लॅपटॉपवर उघडलेल्या मेलमध्ये असतात. आत्याचा प्रश्न कानावर पडतो आणि त्याच्या लक्षात येतं की मागच्या दोन-तीन मिनिटांतलं आपल्याला काहीच आठवत नाही. प्रश्न कळला, पण तो कशाबद्दल आहे ते कळलं नाही.

ही वेळ फोन वापरणाऱ्या प्रत्येकावर येते. मग काही जण ‘तुला योग्य वाटेल ते कर’ असं अंदाजपंचे उत्तर देतात. काही जण ‘हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय’ म्हणून रेंजवर ढकलतात. ‘माझं लक्ष गेलं होतं, परत सांग’ असं सरळ सांगणारे थोडे, कारण त्यात समोरच्याचा अपमान होतो अशी पक्की समजूत आहे. गेल्या पन्नास वर्षांत माणसं कशी बोलतात याचा जो बारकाईने अभ्यास झाला आहे, त्यातून दिसणारं चित्र या समजुतीच्या उलट आहे. विचारण्याने बोलण्याचं फारसं बिघडत नाही. न विचारता हुंकार देत राहण्याने मात्र बिघडतं, आणि तेही सांगणाऱ्याचं.

आधी प्रश्नानंतरच्या त्या शांततेबद्दल. ती इतकी जड का वाटते, याला कारण आहे. तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांमधली नैसर्गिक संभाषणं तपासली. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग इतकंच निघालं. जपानीत ते त्याहून कमी आणि डॅनिशमध्ये थोडं जास्त होतं, पण माणसं सगळीकडेच जवळजवळ लगेच उत्तर देतात. अशा वेगाची सवय असलेल्या कानाला एका सेकंदाचा खंडही लगेच जाणवतो. समोरासमोर असताना तो खंड चेहरा भरून काढतो: कपाळावर आठी दिसते, डोळे वर जातात, माणूस विचार करतोय हे कळतं. फोनवर फक्त शांतता ऐकू येते, आणि तिचा अर्थ आत्या आपल्या मनाने लावते.

धागा सुटायलाही फोन स्वतः बराच हातभार लावतो. जुन्या पद्धतीची टेलिफोन वाहिनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पुढे नेते. माणसाचा आवाज ओळखू यावा, शब्द समजावेत, यासाठी एवढं पुरेल असा हिशेब त्यामागे होता आणि तो बऱ्याच अंशी बरोबरही आहे. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या घर्षक व्यंजनांची बरीचशी शक्ती या पट्ट्याच्या वर असते. म्हणून फोनवर ‘साठ’मधला ‘स’ पुसट झाला की कानात ‘आठ’ उरतं. ‘शिंदे’ सांगितलं तरी पलीकडून ‘कोण, इंदे?’ असं येतं. अलीकडच्या व्हीओएलटीई कॉलमध्ये हा पट्टा साधारण ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत रुंद झाला. भारतात २०१६ साली जिओ आल्यावर हे तंत्र घराघरांत पोहोचलं. एकाच घरातल्या दोन फोनांवरून एकाच माणसाचा आवाज वेगवेगळा ऐकू येतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं: एक कॉल रुंद पट्ट्यातून आलेला असतो, दुसरा अरुंद पट्ट्यातून.

मोबाइलमध्ये आणखी एक गोष्ट घडते. आवाजाचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे पडतात आणि ते एकामागून एक पाठवले जातात. वाटेत एखादा तुकडा हरवला, तर फोन आधीच्या तुकड्याचाच आवाज थोडा ताणून ती जागा भरतो. एक-दोन तुकडे गेले तर ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. सलग बरेच गेले की आवाज यंत्रासारखा होतो आणि मग थांबतो.

माणसाचा मेंदूही अगदी असंच करतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दामधला एक उच्चार पूर्ण कापून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला आणि ते वीस जणांना ऐकवलं. एकोणीस जणांनी सांगितलं की शब्द पूर्ण ऐकू आला, खोकला फक्त मागे कुठेतरी होता. जो उच्चार नव्हताच, तो त्यांच्या मेंदूने संदर्भावरून पुरवला होता. म्हणजे फोनही गाळलेल्या जागा भरतो आणि मेंदूही भरतो. आपलं काही ऐकायचं राहिलं आहे हे ऐकणाऱ्याला उशिरा कळतं, कधी कळतच नाही. धागा सुटणं म्हणजे दरवेळी बेपर्वाई नव्हे, ते यामुळे.

मराठीत आकडे हा यातला सगळ्यात नाजूक भाग. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे शब्द सुरुवातीला सारखे वाजतात, आणि नेमका फरक सांगणारा भाग शेवटी येतो. त्रेपन्न-त्रेसष्ट, पासष्ट-सदुसष्ट, वीस-तीस, सात-साठ, या सगळ्या घोटाळ्याच्या जोड्या. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास सात’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला होता. तो वाद शाळेपुरता होता, पण फोनवर बोलणारे लोक ही सोय कधीपासूनच आपापल्या परीने करत आलेले आहेत. ‘सत्तावन्न, पाच सात’ असं दोनदा सांगणारा किराणा दुकानदार किंवा ‘नाशिकचा न, सोलापूरचा स’ असं सांगणारी बँकेतली बाई, ही माणसं फोनची मर्यादा अनुभवातून शिकलेली असतात. त्यांच्या या सवयीत मोठं शहाणपण आहे.

यंत्राची बाजू झाली. मनाची बाजू याहून मोठी आहे. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या हार्वर्डच्या संशोधकांनी २०१० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापला. त्यांनी २,२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवरच्या एका अॅपद्वारे विचारलं की या क्षणी तुम्ही काय करताय आणि मन त्यातच आहे का. ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. जवळजवळ निम्मा वेळ मन दुसरीकडेच जात असेल, तर पंधरा मिनिटांच्या फोनमध्ये ते एकदाही जाणार नाही ही अपेक्षाच चुकीची ठरते. त्यातून फोनवर डोळे आणि हात मोकळे असतात. समोरचा बघत नाही, म्हणून माणूस भाजी निवडतो, कपड्यांच्या घड्या घालतो, मेल वाचतो. घड्या घालण्याने फारसं बिघडत नाही. मेल वाचण्याने बिघडतं, कारण वाचणं आणि ऐकणं दोन्हीला भाषा समजून घेणारं तेच यंत्र लागतं.

मेंदूने एक सवलत मात्र ठेवली आहे, आणि ती प्रत्येक घरात रोज दिसते. आई हाक मारून काही सांगते, मुलगा ‘काय?’ म्हणतो, आणि आई परत सांगायच्या आत स्वतःच उत्तर देतो: ‘हो हो, आणतो.’ लक्ष नसताना कानावर पडलेला आवाज काही सेकंद, साधारण तीन-चार, मेंदूत तसाच रेंगाळतो. उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली या स्मृतीला प्रतिध्वनीवरून नाव दिलं. फोनवर भान आल्यावर पहिला सेकंद घाबरण्यात न घालवता शेवटचे चार-पाच शब्द आठवून पाहिले, तर ते बहुतेक वेळा सापडतात. आणि ते सापडले की पुढचं काम निम्मं होतं. ते कसं, हे पुढे येईल.

त्याआधी ‘हं’बद्दल. मराठी माणसाला हुंकाराचं महत्त्व कोणी सांगायला नको. आजीच्या गोष्टीला नातवंडांनी हुंकार द्यायचा असतो, तो थांबला की आजी विचारते, ‘झोपलास का रे?’ पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी ‘जी जी’ करत त्याला उचलून धरतात. सांगणारा एकट्याच्या बळावर सांगत नसतो, हे आपल्या लोककलेला कधीच कळलेलं आहे. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बव्हेलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा प्रयोग केला आणि तो २००० साली प्रसिद्ध झाला. एकाने आपल्यावर बेतलेल्या, पण थोडक्यात निभावलेल्या प्रसंगाची गोष्ट सांगायची, दुसऱ्याने ऐकायची. काही ऐकणाऱ्यांना गुपचूप वेगळं काम दिलं होतं: गोष्टीत ‘टी’ या अक्षराने सुरू होणारा शब्द आला की बटण दाबायचं. ते शब्द ऐकत होते, गोष्ट नाही.

या लोकांच्या ‘हं हं’मध्ये थोडी घट झाली. पण ‘बाप रे!’, ‘अगं बाई!’, ‘मग?’ अशा, त्या त्या क्षणाला जुळणाऱ्या प्रतिक्रिया जवळपास नाहीशाच झाल्या. आणि त्याचा परिणाम सांगणाऱ्यावर झाला. त्याला समोरच्याच्या कामाची काही कल्पना नव्हती, तरी त्याची गोष्ट ढेपाळली, विशेषतः शेवटाला. शेवट एकदम तुटला, किंवा सांगणारा तोच शेवट पुन्हा पुन्हा सांगू लागला, हा प्रसंग खरंच कठीण कसा होता हे पटवत बसला. फोनवर एखादी व्यक्ती एकच गोष्ट तीनदा सांगू लागली की आपण म्हणतो, ‘हिला पाल्हाळ फार.’ पुष्कळदा तो पाल्हाळ आपल्या कोरड्या हुंकारातून जन्मलेला असतो. आत्याला दुसऱ्या टोकाला कुणी नाही हे शब्दांत माहीत नसतं, पण तिच्या सांगण्याला ते कळलेलं असतं.

आता विचारण्याची बाजू. नेदरलँड्समध्ये काम करणारे भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगेमान्से आणि त्यांचा गट जगभरातल्या बारा भाषांची रोजची संभाषणं घेऊन बसला. त्यात मँडरिन, रशियन, इटालियन अशा मोठ्या भाषा होत्या, तशाच घानामधली सिवू, इक्वेडोरमधली चापला अशा छोट्याही होत्या. एकाला नीट ऐकू आलं नाही किंवा कळलं नाही म्हणून त्याने बोलणं थांबवून विचारलं, असं किती वेळा होतं हे त्यांनी मोजलं. २०१५ साली छापलेला आकडा असा: सरासरी दर १.४ मिनिटाला एकदा. म्हणजे साधारण दर ८४ सेकंदांनी माणसं एकमेकांना ‘काय?’, ‘कोण?’, ‘काल म्हणालास का?’ असं विचारत असतात. ही विचारणा संभाषणातला अपघात नाही. ती संभाषणाची रोजची डागडुजी आहे.

त्यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट पुढेच आहे. विचारण्याच्या तीन पायऱ्या दिसल्या. सगळ्यात मोघम ‘काय?’ किंवा ‘आं?’, ज्यात समोरच्याला सगळं परत सांगावं लागतं. त्याहून नेमकं ‘कोण आलं म्हणालीस?’, ज्यात एकच तुकडा द्यावा लागतो. आणि सगळ्यात नेमकं ‘मंगळवारी ना?’, ज्यावर फक्त ‘हो’ म्हणायचं असतं. बाराही भाषांत माणसं शक्य असेल तेवढा नेमका प्रश्न निवडत होती. समोरच्याचे कष्ट वाचवावेत, ही वृत्ती त्या निवडीत दिसते. विचारणं असभ्य ठरत नाही. जेवढं ऐकू आलं तेवढंही न सांगता सगळ्याचं ओझं समोरच्यावर टाकणं, हे मात्र खटकतं.

वैमानिकांनी हीच गोष्ट नियमात बांधली आहे. रेडिओवर संदेश अर्धवट पोहोचला तर आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार ‘से अगेन’ म्हणायचं, आणि शक्य असेल तेव्हा ‘ऑल आफ्टर’ म्हणून शेवटचा नीट ऐकू आलेला शब्द जोडायचा: अमुक शब्दापर्यंत मिळालं, त्यापुढचं पुन्हा सांगा. मिळालेली सूचना वाचून दाखवायची, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथल्या तिथे पकडली जाते. या शिस्तीमागे मोठी किंमत मोजलेली आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या तेनेरिफे विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. कारणं अनेक होती, त्यातलं एक असं की निर्णायक क्षणी दोन रेडिओ संदेश एकाच वेळी निघाले आणि एका कॉकपिटमध्ये शब्दांच्या जागी कर्कश शिट्टी ऐकू आली. अर्धवट ऐकलेलं होकार म्हणून धरलं गेलं. रुग्णालयांतही फोनवरून सांगितलेलं औषध आणि मात्रा लिहून घेऊन पुन्हा वाचून दाखवायचा दंडक अनेक ठिकाणी पाळतात, तो याच भीतीपोटी.

घरातल्या फोनवर इतकी शिस्त लागत नाही, पण तंत्र तेच चालतं: कुठपर्यंत कळलं ते आधी सांगायचं, मग सुटलेला तुकडा मागायचा. भाच्याने आत्याला असं म्हणून पाहावं:

‘आत्या, एक मिनिट. फेरफारचा अर्ज दिलास तिथपर्यंत नीट कळलं. मग माझं लक्ष दुसरीकडे गेलं, चुकलंच. काकांच्या सहीचं काय झालं?’

‘अरे, तिथंच तर अडलंय! ते म्हणतात आधी मोजणी होऊ दे...’

आत्या रागावत नाही, कारण तिच्या गोष्टीचा अर्धा भाग भाच्याच्या तोंडून तिला परत मिळालेला असतो. ‘हा ऐकत होता’ याचा पुरावा तिच्या हाती पडतो आणि ती जिथे सोडलं तिथूनच उचलते. त्यातही चूक कबूल करण्याला एकच शब्द लागला. ‘सॉरी सॉरी, काय सांगू, आज इतकी कामं, सकाळपासून नुसती धावपळ’ असं सुरू झालं की फोन आत्याचा राहत नाही, भाच्याचा होतो, आणि मग आत्यालाच त्याची समजूत काढावी लागते. दिलगिरी लहान असावी आणि तिच्या पाठीला पाठ लावून प्रश्न यावा.

नातं बदललं की वाक्य बदलतं, रचना तीच. साहेबांशी बोलताना: ‘सर, दुसऱ्या मुद्द्यापर्यंत लिहून घेतलंय. तारीख चौदा म्हणालात की चोवीस?’ सासूबाईंशी: ‘आई, कुकरच्या शिट्टीत शेवटचं गेलं. हळदीकुंकू कुणाकडे म्हणालात?’ डॉक्टरांशी बोलताना तर लाज बाळगूच नये: ‘डॉक्टर, मी परत म्हणते, बरोबर आहे का बघा. सकाळची गोळी जेवणाआधी, रात्रीची जेवणानंतर.’ मित्राला ‘अरे, हरवलो मी, परत सांग’ एवढं पुरतं. लहान मुलांच्या बाबतीत थोडं जपावं. शाळेतली हकीकत सांगणाऱ्या सहा वर्षांच्या भाचीला ‘मग त्या मुलीने डबा उघडला, आणि?’ असं विचारलं की ती खुशीत पुढे जाते. ‘काय म्हणालीस?’ असं विचारलं तर ती पहिल्यापासून सुरू करते, नाही तर हिरमुसून फोन आईकडे देते.

सुटलेला भाग लांबलचक असेल आणि शेवटचे शब्दही आठवत नसतील, तर लगेच सांगणं एवढाच उपाय आहे. उशीर करण्याची किंमत दर मिनिटाला वाढते. अर्ध्या मिनिटाने विचारलं तर एक वाक्य परत सांगावं लागतं, दहा मिनिटांनी विचारलं तर मधल्या प्रत्येक ‘हं’चा हिशेब द्यावा लागतो.

रेंजची सबब सगळ्यांनाच सोयीची वाटते, पण ती निभवायला जड जाते. ‘आवाज तुटतोय’ म्हटलं की समोरचा माणूस प्रामाणिकपणे धडपडायला लागतो. म्हातारे आजोबा खुर्चीतून उठून गॅलरीत जातात, मावशी फोन ठेवून पुन्हा लावते, कुणी आवाज चढवून तेच सगळं मोठ्याने सांगतं. खोट्या कारणासाठी खरे कष्ट त्यांना पडतात. शिवाय मग सगळी गोष्टच पहिल्यापासून सुरू होते, कारण कुठून तुटलं हे सांगता येत नाही. आवाज खरोखर तुटत असेल तेव्हा जरूर सांगावं, आणि तेही तुटताक्षणी.

आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीला ट्रंक कॉल आठवत असेल. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे त्याचे प्रकार, कॉल बुक करून ताटकळत बसणं, आणि तीन-तीन मिनिटांवर चालणारा पैशांचा हिशेब. माणसं आधी कागदावर मुद्दे लिहून ठेवत, मोठ्याने बोलत, आणि प्रत्येक महत्त्वाची गोष्ट समोरच्याकडून वदवून घेत: ‘ऐकू आलं का? काय आलं ऐकू?’ १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर देशातली पहिली एसटीडी सेवा सुरू झाली, पुढे ती सगळीकडे पसरली, आणि मग मोबाइल आला. बोलणं स्वस्त झालं तशी ती वदवून घेण्याची पद्धत मागे पडली. ती टिकायला हवी होती.

परदेशातल्या फोनचा प्रश्न थोडा वेगळा आहे. न्यू जर्सीत किंवा सिडनीत राहणाऱ्या मुलाशी इंटरनेटवरून बोलताना आवाज पोहोचायला जरा उशीर लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर तो बहुधा जाणवत नाही. त्यापुढे गेला की दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, आणि त्या गोंधळात वाक्यं हरवतात. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. जोडणीतल्या उशिराचा दोष लोक जोडणीला देत नाहीत, समोरच्या माणसाला देतात. तो कमी लक्ष देणारा, कमी आपुलकीचा वाटायला लागतो. रात्री साडेनऊला फोन ठेवून ‘हल्ली तो तुटक बोलतो’ म्हणणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात घ्यावं. मुलाच्या मायेत काही कमी झालेलं नसतं. अशा फोनवर वाक्य संपल्यावर मनात एक-दोन मोजून थांबलं तर अर्धे घोळ होतच नाहीत.

‘ऐकू आलं नाही’ या साध्या वाक्यात किती काही दडलेलं असू शकतं, हे पहिल्यांदा नीट पाहिलं हार्वी सॅक्स या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने. १९६३-६४च्या सुमारास ते लॉस एंजेलिसमधल्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात आलेल्या फोनांची ध्वनिमुद्रणं अभ्यासत होते. केंद्राची एक अडचण होती: फोन करणारे नाव सांगत नसत. म्हणून फोन घेणारा आधी स्वतःचं नाव सांगे. माणसाने नाव सांगितलं की समोरचाही ओघाने आपलं सांगतो. एका फोनमध्ये समोरच्याने नाव सांगण्याऐवजी म्हटलं, मला ऐकू येत नाही. कर्मचाऱ्याने नाव पुन्हा सांगितलं, समोरच्याने ते फक्त उच्चारून खात्री केली, आणि तेवढ्यात आपलं नाव सांगण्याची जागा निघून गेली. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं की नाव सांगायचं नव्हतं, हे कुणालाच ठरवता येत नाही. सॅक्स यांचं म्हणणं होतं की बोलण्यातल्या अशा बारीकसारीक गोष्टींमध्येही व्यवस्था असते आणि ती शोधता येते. इमॅन्युएल शेगलॉफ आणि गेल जेफरसन यांच्यासोबत त्यांनी १९७४ साली संभाषणातल्या पाळ्यांवर लिहिलेला निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. पुढच्याच वर्षी सॅक्स अपघातात गेले.

दुःखात असलेल्या माणसाचा फोन ही या विषयातली सगळ्यात अवघड जागा. बोलणारा रडत असतो, शब्द तुटतात, ऐकणाराही हादरलेला असतो. अशा वेळी ‘सगळं परत सांग’ म्हणणं क्रूर आहे. घरात कुणी गेल्याची बातमी सांगणाऱ्याला पुन्हा तेच वाक्य उच्चारायला लावू नये. अगदी लागेल तेवढाच प्रश्न विचारावा: ‘किती वाजता नेणार आहेत?’ बाकीचा तपशील शेजाऱ्यांकडून किंवा दुसऱ्या नातलगाकडून घ्यावा. मन मोकळं करणाऱ्याच्या बोलण्यातला धागा सुटला तर मात्र लपवू नये. ‘तू आत्ता जे बोललीस ते माझ्यापर्यंत नीट पोहोचलं नाही, आणि मला ते कळायला हवंय’ असं म्हटलेलं तिला समजतं. खोटा हुंकार अशा माणसाला फार लवकर ओळखू येतो. बोलणं आपल्या आवाक्यापलीकडचं वाटलं तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे. तो क्रमांक त्या माणसाला द्यावा.

ज्येष्ठांच्या बाबतीत लक्ष सुटणं आणि ऐकू न येणं यातली सीमा पुसट असते. वयोमानाने श्रवणशक्ती कमी होते ती आधी वरच्या पट्टीत, म्हणजे नेमकी त्या ‘स’, ‘श’, ‘फ’च्या भागात. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, अशी त्यांची तक्रार असते ती त्यामुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या लोकांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक जणांना त्रासदायक बहिरेपण असतं. यातले अनेक जण फोनवर अंदाजाने ‘हो हो’ म्हणतात, कारण तीनदा ‘काय?’ विचारण्याचा त्यांना संकोच वाटतो. त्यांच्याशी ओरडून बोलण्यापेक्षा सावकाश आणि छोट्या वाक्यांत बोलणं जास्त उपयोगी पडतं. शक्य तेव्हा व्हिडिओ कॉल करावा. गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर शब्द अधिक कळतात, हे १९५४ सालच्या प्रयोगांपासून माहीत आहे. आणि ‘आवाज मोठा कर’ ही विनंती सारखी येऊ लागली तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावं.

बोलणाऱ्याच्या हातातही काही गोष्टी असतात. १९५९ साली नेव्हिल मोरे यांनी दाखवलं की लक्ष नसलेल्या कानात सांगितलेलं जवळजवळ काहीच लक्षात राहत नाही, पण स्वतःचं नाव आलं तर सुमारे एक तृतीयांश लोक ते पकडतात. म्हणून महत्त्वाचं सांगण्याआधी नाव घेऊन बोलावं: ‘निखिल, आता ऐक, तारीख सांगते.’ आकडे दोनदा सांगावेत. फोन करताना ‘दोन मिनिटं आहेत का?’ विचारावं आणि समोरचा ‘नाही’ म्हणाला तर ते मनाला लावून न घेता रात्री करावा.

आणि कुणी ‘माझं लक्ष गेलं, परत सांगशील?’ असं विचारलं, तर ‘तुझं कधी लक्ष असतं?’ हा टोमणा गिळावा. असा टोमणा एकदा बसला की माणूस पुढच्या वेळी विचारत नाही, नुसता ‘हं’ म्हणत राहतो. त्याने विचारलं आहे तर सुटलेला भाग तेवढा पुन्हा सांगावा.